म्वांझामध्ये शनिवार-रविवार: सहा स्वयंसेवक, दोन रात्री. आखणी कशी करावी?

पाणंद

नमस्कार मंडळी. टांझानियात सेंगेरेमाच्या बाजूच्या एका गावात स्वयंसेवक म्हणून नेमणूक आहे. महिनाअखेरीला म्वांझा शहरात आम्ही सहा जण भेटायचं ठरतंय. दोघं गेइटाकडून येणार, दोघं मागूकडून, एक जपानी मुलगी शहरातच राहते. संस्था वेगवेगळ्या, प्रत्येकाचे नियम वेगळे. शुक्रवारी संध्याकाळी जमायचं आणि रविवारी अंधाराच्या आत आपापल्या गावी पोचायचं. सहांपैकी दोघं शाकाहारी.

विचारायचं ते असं: येण्याजाण्याची वेळ कशी बांधावी, खोल्या घेताना काय बघावं, पैशांचा हिशोब कसा ठेवावा, शाकाहारी माणसाने बाहेर काय मागवावं, आणि गावात न मिळणारं काय काय भरून आणावं. एकाला उकेरेवे बेटावर जायचंय, ते दोन दिवसांत बसेल का? शक्य असेल तर नेमके तपशील द्या.

---

सरोवरकाठ

आखणी रविवारपासून मागे मागे करत या. म्वांझात वर्षभर सातच्या सुमाराला अंधार पडतो, त्यात ऋतूप्रमाणे फारसा फरक नाही. मुख्य रस्त्यावर उतरल्यावर गावापर्यंत जितका वेळ लागतो तो धरा, त्यावर गाडी भरेपर्यंतचा एक तास ठेवा. लहान गाड्या वेळेवर सुटत नाहीत, भरल्या की सुटतात. हा हिशोब केला की गेइटाच्या लोकांना दुपारी एकपर्यंत आणि तुम्हाला दोनपर्यंत स्टँडवर असावं लागेल. म्हणजे रविवार खरं तर अर्धाच आहे, त्यात काही मोठं ठेवू नका.

सेंगेरेमाहून दोन वाटा आहेत. एक कमांगाच्या फेरीबोटीने: व्हिक्टोरिया सरोवर ओलांडून थेट शहराच्या मध्यात उतरता. दुसरी बुसिसी-किगोंगोच्या नव्या पुलावरून. जून २०२५ मध्ये तो सुरू झाला, लांबी सुमारे ३ किलोमीटर. पूर्वी तिथे फेरीच्या रांगेत तासन्‌तास जायचे, ते आता वाचतात. पण पुलावरून आलेली गाडी न्येगेझी स्टँडवर सोडते, ते शहराच्या दक्षिण टोकाला आहे. तिथून मध्यात यायला दालादाला, म्हणजे इथली मिनीबस, पकडावी लागते. मागूची मंडळी मुसोमा रस्त्याने येतील आणि न्याम्होंगोलोला उतरतील, ते अगदी दुसऱ्या टोकाला. म्हणून ‘स्टँडवर भेटू’ असं कुणी कुणाला सांगू नका, सहा जण दोन स्टँडांवर विखुरतील. कमांगाचा धक्का ही भेटीची जागा ठरवा, कुठल्याही दालादालावाल्याला ती कळते. फेरीने परत जायचं असेल तर शेवटची फेरी किती वाजता ते शनिवारीच धक्क्यावर विचारून ठेवा.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती गोष्ट, घड्याळ. स्वाहिलीत दिवस सकाळी सहाला सुरू होतो. ‘सा मोजा असुबुही’ म्हणजे शब्दशः सकाळचा एक, आपले सात. ‘सा म्बिली उसिकु’ म्हणजे रात्रीचे आठ. सोपी युक्ती अशी की काट्यांच्या घड्याळात तास काटा जिथे आहे त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. आठच्या समोर दोन, सातच्या समोर एक. तिकिटावर कधी एक पद्धत असते, कंडक्टर दुसरीत बोलतो. इंग्रजीत ‘टेन’ म्हणाला तरी त्याच्या मनात ‘सा कुमी’, म्हणजे चार असू शकतात. दर वेळी ‘असुबुही की जिओनी’, सकाळ की संध्याकाळ, हे विचारून घ्यायचं आणि मोबाइलवर आकडा दाखवून खात्री करायची. ग्रुपवर वेळ लिहिताना चोवीस तासांचीच लिहा: १७:३०.

शहरात फिरायला रिक्षा आहे. तिला इथे ‘बजाजी’च म्हणतात, आपल्या आकुर्डीच्या बजाजवरून पडलेलं नाव. बसण्याआधी भाडं ठरवायचं. रात्री मोटरसायकल नको, बजाजीच घ्या. तुमच्यातलं कुणी पीस कोअरचं, म्हणजे अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेचं, असेल तर त्यांना बहुतेक देशांत मोटरसायकलवर मागे बसायचीही परवानगी नसते. यूएनच्या स्वयंसेवकांना सुरक्षा विभागाचे नियम लागतात. सगळ्यांत कडक नियम ज्याचे, त्याच्या नियमाने सहाही जणांचा प्रवास आखायचा. नाहीतर एकजण मागे राहतो आणि दोन दिवसांचा रंग जातो.

---

दीपमाळ

खोल्यांबद्दल. स्वाहिलीत ‘होतेली’ म्हणजे बहुधा खाण्याची जागा, आपल्याकडे ‘हॉटेलात चहा घेऊ’ म्हणतो तसंच. राहायला ‘गेस्टी’ किंवा ‘लॉज’ विचारा. खोलीत संडास-बाथरूम हवं तर ‘सेल्फ’ म्हणायचं.

पैसे देण्याआधी खोलीत जाऊन एवढं बघा. नळ सोडून बघा, पाणी नसेल तर भरलेली बादली आहे का ते विचारा. मच्छरदाणी पूर्ण उलगडा आणि उजेडासमोर धरा. भोक दिसलं तर गाठ मारा किंवा दोऱ्याने टाका घाला, म्हणून सुई-दोरा सोबत ठेवाच. दाराला आतून कडी हवी, नुसतं कुलूप पुरत नाही. आणि खाली बार आहे का? शनिवारी रात्री दोन-तीनपर्यंत स्पीकर चालतात, सरोवराकडची खोली असली तरी झोप लागत नाही. प्लगची पिन बहुतेक ठिकाणी चौकोनी तीन दांड्यांची लागते, भारतातला गोल पिनचा चार्जर बसत नाही.

दोन पुरुषांना एका खोलीत ठेवायला अनेक गेस्टी नकार देतात. सहा जणांत तीन खोल्या असा हिशोब धरला असेल तर फोनवरच स्पष्ट विचारा, ‘विटांडा विविली’ म्हणजे दोन खाटा आहेत का तेही विचारा. रात्री दहाला दारात उभं राहून हे कळणं वाईट. रजिस्टरमध्ये पासपोर्ट क्रमांक लिहावा लागतो, त्याचा आणि निवासी परवान्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, मूळ परवानाही आणा. राष्ट्रीय उद्यानात परवाना दाखवला तर परदेशी पर्यटकापेक्षा कमी दर लागतो.

---

करंगा

शाकाहाराचं आणि खरेदीचं मी सांगते.

‘सिली न्यामा’ म्हणजे ‘मी मांस खात नाही’. पण ‘न्यामा’ म्हणजे लोकांच्या मनात गाई-बकऱ्याचं मटण. कोंबडी आणि मासे त्यात येत नाहीत. पूर्ण वाक्य पाठ करा: ‘सिली न्यामा, कुकु, वाला समाकी.’ नुसतं ‘बिला न्यामा’, म्हणजे मांसाशिवाय, असं सांगितलं तर मटणाचे तुकडे बाजूला काढून तोच रस्सा वाढला जातो, आणि वाढणाऱ्याच्या दृष्टीने त्याने तुमचं ऐकलेलंच असतं. म्हणून ‘म्चुझी वा न्यामा हापाना’, मटणाचा रस्सा नको, हेही जोडा.

बिनधास्त मागवायचं ते वली-महारागे, म्हणजे भात आणि राजमा. तो कांदा-टोमॅटोत, कधी नारळाच्या दुधात शिजवतात. म्चिचा म्हणजे आपला माठ. त्यात कधी कधी दगा, म्हणजे बारीक सुकी मासळी, घातलेली असते, तेवढं विचारा. चपाती सकाळी सगळीकडे मिळते, पण ती तेलाचे पदर सुटलेली, आपल्या घडीच्या पोळीपेक्षा जड. चिप्सी मयाई म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या कापांवर अंडी फोडून केलेलं ऑम्लेट. अंडं चालत असेल तर पोटभरीचं आहे. मात्र काप ज्या तेलात तळतात त्यातच मासेही तळले जातात, कडक शाकाहारी असाल तर ते टाळा. मासे खाणाऱ्यांनी सातो घ्यावा किंवा सांगारा, ताजा मिळतो. अख्खा मासा मागवला की पाऊण-एक तास लागतो, म्हणून भूक लागण्याआधी सांगून ठेवा आणि मधल्या वेळात पाय मोकळे करून या.

खरेदी शनिवारी सकाळी पहिली उरका. शहराच्या मध्यात भारतीय वाण्यांची दुकानं आहेत, मालक बहुतेक गुजराती, शनिवारी दुपारनंतर त्यांचा भरवसा नाही आणि रविवारी बंद. तिथून फुटाणा डाळ, तुरीची डाळ, पोहे, हिंग, मोहरी, पापड घ्या. बाकीचं बाजारात स्वस्त पडतं. म्बाझी म्हणजे तूर, चोरोको म्हणजे मूग, कुंडे म्हणजे चवळी, देंगू म्हणजे हरभरा. हरभरा तर याच भागात पिकतो. करंगा म्हणजे शेंगदाणे. कोथिंबिरीला ‘कोतमिरी’ म्हणतात आणि गुळाला ‘सुकारी गुरू’, हे दोन शब्द ऐकले की परकं वाटत नाही. माप डब्याने असतं. मोठा ‘डेबे’ वीस लिटरचा. तुम्हाला किलोवरच घ्यायचं. शेंगदाणे मुठीत घेऊन वास घ्या, खवट किंवा काळपट डागाचे नकोत, बुरशी लागलेला शेंगदाणा भाजूनही सुरक्षित होत नाही.

जून २०१९ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. चार कापडी पिशव्या आणि दोन घट्ट झाकणाचे डबे घरून आणा. डाळ पिशवीत ठेवून गाडीच्या टपावर दिली तर पावसात भिजते.

---

मोजमाप

पैसे. ढोबळमानाने ३० शिलिंगला एक रुपया धरा. मोठे आकडे ऐकून दचकू नका, स्वाहिलीत ‘लाकी’ हा शब्दच आहे, आपला लाख. ‘लाकी मोजा’ म्हणजे एक लाख शिलिंग. सर्वांत मोठी नोट दहा हजारांची, त्यामुळे एटीएम एका वेळी साधारण चार लाखांवर देत नाही आणि परदेशी कार्डाला प्रत्येक वेळी शुल्क लागतं. महिनाअखेरच्या शुक्रवारी पगार झालेले असतात, एटीएमसमोर रांगा लागतात, शनिवार संध्याकाळपर्यंत काही मशीन रिकामी होतात. शुक्रवारी पोचल्याबरोबर काढा किंवा गावाकडच्या ‘वकाला’कडून, म्हणजे मोबाइल पैशांच्या एजंटाकडून, आधीच मोबाइलमधले पैसे काढून या.

हिशोबासाठी एकच खजिनदार. प्रत्येकाने शुक्रवारी सारखी रक्कम एकदाच त्याच्या मोबाइल खात्यात टाकायची. दर जेवणानंतर सहा जणांनी एकमेकांना पाठवत बसलात तर प्रत्येक व्यवहाराला कट लागतो आणि शेवटी कुणाचं किती ते जुळत नाही. दुकानात ‘लिपा नंबा’, म्हणजे दुकानाचा पैसे घेण्याचा नंबर, असेल तर त्यावर द्या. एखादा दुकानदार म्हणेल, ‘तुमा ना या कुतोलेआ’. म्हणजे पैसे काढताना त्याला जे शुल्क पडेल तेही धरून पाठवा. ही फसवणूक नव्हे, इथली रीत आहे, फक्त भाव ठरवतानाच विचारा. पिन टाकण्याआधी पडद्यावर समोरच्याचं नाव येतं, ते मोठ्याने वाचून त्याला विचारा. आणि ‘इले पेसा तुमा क्वेन्ये नंबा ही’, ते पैसे या नंबरवर पाठव, असा मेसेज अनोळखी नंबरावरून आला तर तो ठगाचा. नेमका तुम्ही कुणाला पैसे देणार असता तेव्हाच तो येतो, म्हणून लोक फसतात. ज्याला द्यायचे त्याला फोन लावा.

नेटवर्क जातं. दोन दिवसांच्या खर्चाचा निम्मा भाग रोख ठेवा, त्यात पाचशे-हजारच्या सुट्या नोटा. दालादालात दहा हजारांची नोट काढली की ‘चेंजी हाकुना’ ऐकावं लागतं. मोठी नोट पेट्रोल पंपावर किंवा सुपरमार्केटमध्ये मोडायची.

---

पाणंद

फार उपयोगी, मनापासून आभार. उकेरेवेचं आणि सरोवरात पोहण्याचं कुणी सांगेल का? शिवाय मागूच्या दोघांची फर्माईश आहे की एक जेवण मराठी पद्धतीचं करून घालावं. जपानी मुलीच्या घरी गॅस आणि ओटा आहे. भाकरी इथल्या पिठाची जमते का? आतापर्यंतचे प्रयोग थापतानाच तुटले.

---

सरोवरकाठ

उकेरेवे सोडा. म्वांझाहून नान्सिओला मोठी फेरी तीन तासांहून जास्त घेते, तेवढीच परत. एक रात्र तिथे राहिल्याशिवाय अर्थ नाही, आणि रविवारी हवा बिघडून फेरी रद्द झाली तर सोमवारचं काम बुडेल. तीन दिवसांची सुटी असेल तेव्हा जा. तेव्हाही गच्च भरलेल्या बोटीत चढू नका. २० सप्टेंबर २०१८ ला उकारा बेटाजवळ ‘न्येरेरे’ ही फेरी उलटली. क्षमता १०१ प्रवाशांची, आणि गेलेली माणसं दोनशेहून अधिक. धक्का समोर दिसत होता. तुमच्या मित्राला नाराज करावं लागलं तरी चालेल, गर्दी दिसली तर पुढची फेरी घ्या.

त्याऐवजी सानाने. शहरातल्या काप्री पॉइंटवरून बोटीने काही मिनिटांत पोचता, एका छोट्या बेटावरचं राष्ट्रीय उद्यान आहे. शुल्क रोखीत घेत नाहीत; कंट्रोल नंबर देतात, त्यावर मोबाइलवरून किंवा कार्डाने भरायचं. म्हणून तिथे जायच्या आधी खात्यात पैसे हवेत. सकाळी आठ-नऊला पोचा. मोठमोठ्या गोल दगडांवर सरडे ऊन खात बसलेले असतात. नराचं डोकं, मान आणि खांदे गुलाबी-लाल, बाकी अंग गडद निळं. जवळ गेलात की मान वरखाली करतो, अजून एक पाऊल टाकलं की दगडाच्या फटीत. मादी मातकट, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. दुपारी दगड इतके तापतात की टेकता येत नाही, तेव्हा पाणी प्रत्येकी दीड लिटर आणि टोपी.

पोहण्याचं उत्तर नाही असंच आहे. सरोवराच्या काठच्या उथळ पाण्यात गोगलगायींमुळे बिल्हार्झिया हा जंतांचा आजार होतो, स्थानिक नाव ‘किचोचो’. अळ्या कातडीतून आत शिरतात, नुसते पाय बुडवून बसलं तरी. लगेच काही जाणवत नाही, म्हणून लोक सोडून देतात. चुकून पाण्यात गेलात तर तारीख लिहून ठेवा आणि सहा ते आठ आठवड्यांनी डॉक्टरकडे तपासणी करा. त्याआधी केलेल्या चाचणीत तो सापडत नाही. औषध आहे, प्राझिक्वांटेल, मात्रा वजनावर ठरते. पोहायचंच असेल तर एखाद्या मोठ्या हॉटेलच्या तलावावर दिवसाचं शुल्क भरून पोहा.

मलेरियाचा हा पट्टा आहे. गावी परतल्यावर ताप आला तर त्याच दिवशी तपासणी. संस्थेच्या विम्याचं कार्ड सहाही जणांनी जवळ बाळगा. मोठं रेफरल रुग्णालय बुगांडो, शहरातच टेकडीवर आहे.

---

करंगा

भाकरी जमते, पीठ बरोबर निवडलं तर. ‘उंगा वा म्तामा’ म्हणजे ज्वारीचं, ‘उवेले’ बाजरी, ‘उलेझी’ नाचणी. दुकानातलं पुडक्यातलं पीठ बहुतेक वेळा लापशीसाठी असतं, म्हणजे ‘उजी’साठी. ते भरड असतं आणि किती दिवसांचं ते सांगता येत नाही. त्याची विरी गेलेली असते, म्हणून थापताना कडा फाटतात. ‘उंगा वा लिशे’ तर मुळीच नको, त्यात सोयाबीन-शेंगदाणे मिसळलेले असतात.

पांढरी ज्वारी मागा, ‘म्तामा म्वेउपे’. लाल ज्वारीची भाकरी तुरट लागते, सालीतल्या टॅनिनमुळे. शनिवारी सकाळी दीड किलो घेऊन बाजाराजवळच्या गिरणीत बारीक दळून घ्या. आधी मका दळलेला असतो, म्हणून पहिली मूठ-दोन मुठी पीठ बाजूला काढायला सांगा. सहा जणांना बारा भाकऱ्या म्हणजे किलो-सव्वा किलो पुरतं, उरलेलं हाताला लावायला.

तरीही विश्वास वाटत नसेल तर उकड काढा. जेवढ्या वाट्या पीठ तेवढंच पाणी उकळायचं, मीठ घालायचं, गॅस बंद करून पीठ ओतायचं, लाटण्याच्या टोकाने ढवळून दहा मिनिटं झाकून ठेवायचं. मग कोमट असताना तळहाताने भरपूर मळायचं. एका वेळी एकाच भाकरीचा गोळा घ्यायचा, बाकी ओल्या फडक्याखाली. अशी भाकरी लाटताही येते, त्यामुळे नवख्या माणसांनाही हात लावता येईल, सगळ्यांना ते आवडतं. तवा जाड हवा. पातळ ॲल्युमिनियमच्या भांड्यावर भाकरी बाहेरून करपते, आत कच्ची राहते.

सोबत पिठलं. बेसनाला ‘उंगा वा देंगू’ म्हणतात, इथे भजी करतात त्याचीच, त्यामुळे सहज मिळतं. सहा जणांना पाव किलो बेसन, वाटीला तीन वाट्या पाणी. बेसन आधी गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, मग फोडणीत ओता. कांदा, लसूण, हळद आणि बेताची मिरची. इथली छोटी ‘पिलिपिली किचा’ फार तिखट असते, जपानी आणि इतर पाहुण्यांचा विचार करून एकच घाला आणि शेंगदाण्याचा ठेचा वेगळा वाढा.

हे जेवण शनिवारी रात्री ठेवा, आणि दुपार पूर्ण मोकळी सोडा. ज्याच्या गावात त्याच्या भाषेचं दुसरं कुणी नाही, त्याला सगळ्यात जास्त बसून बोलायचं असतं. पाच ठिकाणं बघायचा बेत केला की तेवढंच राहून जातं.

---

दीपमाळ

एक राहिलं. अंधार पडायच्या आत विजेच्या मीटरमध्ये युनिट किती आहेत ते त्या घरी बघायला सांगा. ‘लुकू’चं मीटर प्रीपेड असतं. मोबाइलवरून पैसे भरले की २० अंकी टोकन येतं, ते मीटरवर टाकायचं. शनिवारी रात्री नेटवर्क गेलं तर टोकन येत नाही आणि भाकऱ्या मेणबत्तीवर थापाव्या लागतात. दुपारीच भरून ठेवा.